न विचारणारे बाबू

राळेगावच्या तहसील कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाबू बसायचे. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर जपानी कार्टून पाहायचे आणि कोणी जवळ आलं की मोबाइल पालथा घालायचे. पन्नाशीच्या माणसाचं हे काय लपवणं, असं मला वाटायचं.

एकदा विचारलंच. म्हणाले, "इंग्रजी सिरियलमधी माणूस आपलं दुःख सांगून टाकते, मॅडम. या जपान्यांचा नुसता भात खात बसते, अन् रडू आपल्याले येते."

त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्यांचे जबाब आम्ही घेत होतो. एक बाई आली. तिच्या नवऱ्याची नजर गेली होती. मी प्रश्नामागून प्रश्न विचारले. ती फक्त मान हलवायची. बाबूंनी कागद आपल्याकडे ओढला, तिला पाणी दिलं आणि काहीच न विचारता बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती आपणहून बोलू लागली आणि बोलता बोलता ढसाढसा रडली.

ती गेल्यावर बाबू म्हणाले, "पाह्यलं?"

त्यांचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

त्यानंतर जेवताना ते गप्प झाले की, आपणहून काही सांगून बसायच्या आत, मी डबा झाकून उठायचे.