पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत बाबा

औषधांच्या खिडकीवरून मी परत आले तेव्हा बाक रिकामा होता.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या पोर्चमधला तो बाक. त्यावर बाबांना मी स्वतःच्या हातानं बसवून गेले होते. "ड्रॉप्स घेऊन येते, इथून हलू नका," एवढं बजावून गेले होते. बाबांचा फोन, चष्मा आणि पाकीट ऑपरेशनच्या आधी काढून घेतलं होतं, ते सगळं माझ्या पर्समध्ये होतं. त्यांच्या अंगावर कपडे, स्वेटर आणि डाव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी, इतकंच.

आणि तो डावा डोळाच त्यांचा खरा डोळा होता. उजवा काचबिंदूनं जवळजवळ गेलेला. त्यातून त्यांना उजेड आणि आकार दिसत, रंगातला पांढरा तेवढा कळे, बाकी सगळं धुरकट. डाव्याचा मोतीबिंदू त्या दिवशी काढला होता. डॉक्टरांनी तीन-तीनदा सांगितलं होतं: वाकायचं नाही, मान खाली घालायची नाही, फिरवायची नाही, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही. "यांच्याकडे दुसरा डोळा नाही, लक्षात ठेवा," असं मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाले होते.

मी आधी स्वच्छतागृहाकडे पळाले, मग पार्किंगकडे. दिवसभरासाठी ठरवलेल्या टॅक्सीचा ड्रायव्हर गाडी पुसत उभा होता.

"अंकल?" तो म्हणाला, "मैडम, इधर तो आए ही नहीं. मैं तो आपके फोन का इंतजार कर रहा था."

पोर्चमधल्या गार्डला विचारलं. त्यानं अगदी सहज सांगितलं, "पट्टीवाले अंकल? वो तो गाड़ी में बैठ के निकल गए."

"कौन सी गाड़ी?"

"सफेद वाली."

मी समोर पाहिलं. पोर्चपासून गेटपर्यंत पांढऱ्या गाड्यांची रांग लागली होती.

आमची टॅक्सीही त्यातलीच. तीच छोटी गाडी, मागं डिकी असलेली, दिल्लीत जिकडेतिकडे दिसते ती. ही गाडी कंपनी टॅक्सी म्हणूनच बनवते. घरी वापरणाऱ्यांसाठी तिचं नवं रूप बाजारात येतं, वेगवेगळ्या रंगांत, चकचकीत. जुनं रूप टॅक्सीवाल्यांसाठी तसंच चालू राहतं. पांढरा रंग, दारांच्या काळ्या मुठी, डिकीत गॅसची टाकी, आणि वेगाला कारखान्यातूनच कुलूप, ऐंशीच्या वर जात नाही. सकाळी गाझियाबादहून येताना ड्रायव्हरनं हे सगळं बाबांना सांगितलं होतं आणि बाबा हरखून गेले होते.

"म्हणजे कंपनीच तिले टॅक्सी म्हणून जन्माले घालते?" ते म्हणाले होते. "आमची त आम्ही बनवली होती, बाप्पा."

बाबा यवतमाळकडच्या आमच्या तालुक्याच्या गावी काळीपिवळी जीप चालवायचे. त्या जीपच्या जोरावर मी शिकले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि आज केंद्र सरकारच्या एका कार्यालयात टेबल-खुर्ची मिळाली आहे ती त्या जीपमुळे. तिच्या टपाला निळा झेंडा होता, आरशाला रेशमी गोंडे होते, आणि मागच्या काचेवर बाबांनी पेंटरकडून माझ्या शाळेचं नाव लिहून घेतलं होतं. का, तर पोरगी तिथं पहिली आली म्हणून. नाक्यावर पाच-सहा जीपा उभ्या असायच्या, पण आमची कोणती हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. आपली गाडी ओळखावी लागते हे बाबांना आयुष्यात कधी ठाऊकच नव्हतं.

म्हणूनच असं झालं, हे मला नंतर कळलं.

शिवाय आमचं भांडण झालेलं होतं. सकाळी बाबा टॅक्सीत पुढं बसले. मी म्हटलं, परत येताना मागं बसा, माझ्याजवळ. ब्रेक लागला तर पुढं डोकं आपटायचं. बाबा म्हणाले, "मी जिंदगीत मागं बसलो नाई. मागं सवारी बसते." मी म्हटलं, "बाबा, आज तुम्ही सवारीच आहात." त्यावर ते जे गप्प झाले ते ऑपरेशनच्या खोलीत जाईपर्यंत. बाहेर आल्यावरही फक्त "हं" आणि "नाई".

चौकशीच्या टेबलाशी मी धापा टाकत पोचले तर तिथं एक उंच म्हातारे गृहस्थ आधीच आवाज चढवून उभे होते. डोक्याला मफलर, आणि डोळ्यावर बाबांसारखीच हिरवी पट्टी.

"मेरी गाड़ी कहां गई? आधे घंटे से खड़ा हूं. गुरुग्राम कौन छोड़ेगा, तेरा बाप?"

टेबलामागची मुलगी म्हणाली, "ताऊजी, आपकी गाड़ी तो आपको लेकर निकल चुकी है."

"मुझे लेकर? तो ये कौन खड़ा है, मेरा भूत?"

मी मधेच म्हणाले, "मेरे बाबा को लेकर गई है."

उलगडा झाला तो असा. दवाखान्याच्या न्यायला-आणायच्या गाड्याही त्याच होत्या, तीच पांढरी छोटी टॅक्सी. ड्रायव्हरला सांगितलेलं होतं, गुरुग्रामचे अंकल, पट्टीवाले. तो पोर्चमध्ये आला, बाबांना पांढरा आकार दिसला, आमचीच गाडी आली असं समजून ते बाकावरून उठले आणि नेहमीप्रमाणे पुढचं दार उघडून बसले. ड्रायव्हरनं विचारलं असेल, "घर, अंकल?" बाबा म्हणाले असतील, "हां, घर."

मुलगी ड्रायव्हरचा नंबर फिरवत होती. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. पुन्हा. पुन्हा.

"चलाते हुए नहीं उठाते, मैम. हम ट्राय करते रहेंगे, आप बैठिए."

बसणं शक्यच नव्हतं. मी पार्किंगकडे वळले तर ताऊजी माझ्यामागोमाग. "मैं भी चलूंगा. गाड़ी मेरी, बाप तेरा. अदला-बदली कर लेंगे."

टॅक्सी गुरुग्रामच्या दिशेनं निघाली. ताऊजी आणि मी मागं बसलो. पुढची सीट रिकामी होती आणि माझी नजर तिथंच जात होती. सिग्नलला प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या पुढच्या सीटवर मी हिरवी पट्टी शोधत होते. डावीकडे एक, उजवीकडे दोन, पुढं आणखी एक. कुणात जोडपं, कुणात लॅपटॉप उघडलेला माणूस, कुणात कोणीच नाही.

"बेटी, ढूंढना छोड़ दे," ताऊजी म्हणाले. "दिल्ली की टैक्सियां सारी सगी बहनें हैं. इनकी तो मां भी धोखा खा जाए."

मोठा रस्ता लागला तसं मी पुढं वाकून म्हणाले, "भैया, जरा तेज चलाइए ना."

"मैडम, पूरा दबा रखा है. अस्सी पे अटक जाती है. कंपनी से बंद है."

शेजारून मोठमोठ्या गाड्या सूं सूं करत जात होत्या. आमची गाडी एका ठरावीक घरघरीवर अडकलेली. मी स्वतःची समजूत घातली की बाबांची गाडीही ऐंशीच्या वर जाणार नाही, अंतर वाढायचं नाही. पण मग कमीही कसं होणार? आणि रस्ता खराब असेल तर? कचकन ब्रेक लागला तर? माझ्या पर्समध्ये ड्रॉप्सची बाटली होती, आणि पहिला थेंब घालायची वेळ केव्हाच होऊन गेली होती.

मला सारखं वाटत होतं की बाबांना एव्हाना कळलं असेल. मी नाही, आवाज नाही, अनोळखी ड्रायव्हर. ते घाबरले असतील. माझा नंबर त्यांना पाठ नाही, माझ्या सोसायटीचं नाव त्यांना नीट घेता येत नाही. या शहरात त्यांना एकच माणूस ठाऊक आहे आणि ती मी.

तेवढ्यात फोन वाजला. त्या ड्रायव्हरचाच होता.

"मैडम, हॉस्पिटल से नंबर मिला. मैं सीएनजी पंप पे था, वहां फोन बंद रखना पड़ता है. मुझे तो अभी पता चला कि ये मेरे वाले अंकल नहीं हैं."

"बाबांना फोन द्या! उनको फोन दीजिए."

"मैडम, वो ही तो बता रहा हूं. गैस भरते टाइम सवारी को उतारना पड़ता है. मैंने अंकल को साइड में खड़ा किया. गैस भरवा के गाड़ी आगे ली, पीछे देखा तो अंकल नहीं हैं."

माझ्या हातून फोन निसटला. ताऊजींनी तो उचलला आणि ओरडले, "अबे, दूसरा भी खो दिया? पंप कौन सा है, ये बता!"

पंप हायवेला लागून होता. म्हणजे पलीकडं लगेच ते सगळे ऐंशीच्या वर जाणारे. डोळ्यावर पट्टी बांधलेला माणूस चार पावलं चुकीच्या दिशेनं चालला की संपलं. ताऊजींनी थट्टा बंद केली. फक्त एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

पंपाच्या आधीच रांग सुरू झाली. गॅस भरायला थांबलेल्या पांढऱ्या टॅक्सी, एकामागं एक, रस्त्याच्या कडेनं लांबपर्यंत. गाडी पूर्ण थांबायच्या आत मी उतरले आणि पळत सुटले. मशीनपाशी निळ्या कपड्यातला कर्मचारी होता. मी काही विचारायच्या आधीच तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आप ही हैं क्या, बीए पास?"

"क्या?"

"एक अंकल अपनी बेटी ढूंढ रहे हैं. हमने पूछा, कैसी दिखती है, कपड़े किस रंग के हैं? बोले, रंग नहीं मालूम, बीए पास है, सेंट्रल गवर्नमेंट में है." त्यानं रांगेच्या टोकाकडे हात केला. "उधर गए हैं. रोका, पर मानते नहीं."

मग मला ते दिसले. रांगेच्या पार शेवटी. एका पांढऱ्या टॅक्सीच्या मागच्या खिडकीशी बाबा वाकले होते. हिरवी पट्टी काचेला जवळजवळ टेकलेली. आतल्या माणसानं काहीतरी म्हटलं, बाबा सरळ झाले, गाडीच्या टपावर हात ठेवत ठेवत पुढच्या गाडीपाशी गेले आणि पुन्हा वाकले.

"बाबा! वाकू नका!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की रांगेतल्या ड्रायव्हरांनी माना बाहेर काढल्या. बाबा आवाजाच्या दिशेनं वळले. त्यांचा हात हवेत चाचपडत होता. मी तो धरला.

"कुठं गेलती वं?" ते माझ्यावरच खेकसले. "उतरलो, मागचं दार उघडलं, त सीटवर कोणीच नाई! मले वाटलं तू दुसऱ्या गाडीत जाऊन बसली. सगळ्या सारख्याच, त माणूस चुकणारच. कवाचा शोधून रायलो तुले!"

हरवले होते ते, आणि इतका वेळ तेच मला शोधत होते.

"पण बाबा, इतक्या वेळात तुम्हाला कळलं नाही, मी मागं नाही?"

"मान फिरवाची नाई सांगतलं ना डॉक्टरनं." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "बोललो त मी एकदा. म्हटलं, बरं, उद्यापासून मागं बसतो, मंग त झालं? तू काही बोललीच नाई. मले वाटलं, अजून रागात हाये."

रिकाम्या सीटला माझे बाबा शरण गेले होते. मला हसूही येईना आणि रडूही.

ताऊजी येऊन पोचले. दोघांनी एकमेकांकडे आपापल्या उघड्या डोळ्यानं पाहिलं. "तो आप हो मैं," ताऊजी म्हणाले, आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. बाबांना मी तिथंच, पंपाच्या भिंतीला टेकवून, हात धुऊन पट्टी अलगद वर करून पहिला थेंब घातला. डोळा लालभडक होता. तसा असायला हवा की नको, मला कळत नव्हतं.

परतीच्या वाटेवर बाबा पुढंच बसले. मी काही म्हटलं नाही. पण यमुना ओलांडेपर्यंत ते दर थोड्या वेळानं, मान न वळवता, समोर बघत विचारत होते, "हायेस ना?" आणि मी मागून म्हणत होते, "आहे, बाबा."

ती रात्र मी त्यांच्या उशाशी बसून काढली. ते मात्र शांत झोपले होते. सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मग त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "अंकल, कितनी उंगलियां हैं?"

बाबा बोटांकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, डोक्यापासून चपलांपर्यंत, सावकाश.

"कालचेच कपडे हाये ना अंगावर?"

"हो, बाबा. बदलले कुठं?"

"निळी ओढणी," ते म्हणाले. "आता कोणी इचारलं त सांगता येईन."