डब्यासाठी दिलेला अंगठा

गिऱ्हाईकानं तोंड उघडण्याआधीच ती मिरी-लिंबाची पुडी बांधून ठेवायची. प्रत्येक ट्रकवाल्याला भाचा म्हणायची. भोंग्यावरून ओळखायची, आज फेरीबोट कोण चालवतोय. बसताना पाठ नव्या पुलाकडे करायची.

फल्ला कंबोडियात मेकाँग नदीच्या धक्क्यावर लाव्याची उकडलेली अंडी विकायची. सव्वीस वर्षं. बोट येईपर्यंत गाड्या खोळंबायच्या आणि त्या खोळंब्यावर एकसष्ट टोपल्या जगायच्या. मग जपानच्या मदतीतून पूल आला. बँकॉककडच्या जपानी कारखान्यांतले सुटे भाग आता न थांबता व्हिएतनामच्या बंदराला जाणार होते. विक्रेत्यांना पुलाच्या तोंडाशी छपराखाली जागा मिळायची होती.

त्यासाठी विहाराच्या मंडपात बैठक झाली. टोकियोहून आलेले साहेब कमरेत वाकले, बूट ओळीत लावून आत बसले. "माणसं गुणाची आहेत गं," फल्ला शेजारच्या रत्थनाला म्हणाली. शेवटी सरकारी कारकून वानाकनं जेवणाचे डबे वाटले आणि कागदावर अंगठे घेतले. इथं तांदूळ घ्या नाहीतर मच्छरदाणी, अंगठा द्यावाच लागतो. वाचत कोण बसतो?

पूल सुरू झाला, बोट बंद झाली. छप्पर उभं राहिलंच नाही. रत्थना साहित्य शिकलेली. ती कचेरीत जाऊन फाइल वाचून आली.

"मावशी, यात लिहिलंय, आम्हाला जागा नको, राजीखुशीनं उठतो. खाली तुमचा अंगठा."

"अगं, तो डब्यासाठी दिला होता! आणि डबाही आंबलेला होता मेला."

दोघी वानाककडे गेल्या. तो हसला. "मावशी, तीन देश जोडले जातायत. तुम्ही टोपलीचं काय घेऊन बसलात?"

"जोड की रे भाच्या. पण ट्रक थांबणारच नसेल तर अंडी काय काचेवर फेकून मारू?"

टोकियोला पत्र गेलं. फार नम्र उत्तर आलं. कागदपत्रं पूर्ण आहेत. संमती दिली नव्हती असं सगळ्या एकसष्ट जणांनी लेखी कळवलं, तर फेरचौकशी होईल. एवढी नम्रता, आणि धक्क्यावर येऊन एका बाईला विचारावं असं एकाही साहेबाला वाटलं नाही! रत्थनाचं डोकं फिरलं. या जपान्यांच्या पुलांची चित्रं नोटेवर छापायला आपल्या देशाकडे जागा आहे. टोपली टेकायला नाही.

फल्ला शाईची डबी घेऊन दारोदार निघाली. रत्थनाला तिची एकच ताकीद: "आधी वाच. परत वाच. मग अंगठा." रत्थनाचा घसा बसला, तरी सुटका नव्हती.

बुधवारी सकाळी फल्ला उठलीच नाही. रात्रीत कधीतरी हृदय थांबलं. अठ्ठावन्न वर्षांची होती. मंगळवारी संध्याकाळपर्यंत वानाकच्या नावानं शिव्या घालत होती.

सत्तेचाळीस अंगठे झाले होते. पलीकडच्या काठावरची चौदा घरं राहिली. तिकडे ती गुरुवारी जाणार होती.