यंदाचा अ‍ॅम्प
१९९८ साली मी पंचावन्नचा होतो. नंदाखालला, आमच्या ख्रिस्ती गावात, घराच्या पडवीत लग्नाच्या बँडांसाठी गिटारचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प हातानं बनवायचो. सोल्डरच्या धुराचा वास आला की अजून ती दुपार आठवते. एका बँडचा गिटारवाला माझ्याकडून घेतलेला नवा अ‍ॅम्प घेऊन परत आला. “अंकल, गेल्या वर्षीचा गोड वाजतो, हा करकरतो. संध्याकाळी लग्न आहे. बदलून द्या, नाहीतर मुंबईहून आणतो.” नव्यासाठी ट्रान्सफॉर्मर वेगळा मिळाला होता, आवाज बदलणारच. मी म्हटलं, “तुझी आई दरवर्षी घरी वाईन करते. चव एकच येते काय रे?” तो हसला. “नाय. यंदाची लवकर चढते.” “मग हासुद्धा यंदाचाच आहे. वाजव जा.” संध्याकाळी त्या आवाजावर म्हाताऱ्यासुद्धा नाचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश घेऊन मी त्याच्या घरी गेलो आणि अ‍ॅम्पच्या पाठीवर वाईनच्या बाटलीवर असतं तसं मोठ्या आकड्यांत साल रंगवलं.