सिग्नल न देणारा पाइप

२००६ सालचा मे महिना, रविवारची दुपार. वादातली रक्कम चौदाशे रुपये. हजर तिघं: चेन्नईतल्या मैलापूरच्या आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी सुंदरम, तळमजल्यावरच्या अक्का आणि मी.

सत्तरीच्या अक्का एकट्या राहत. तरी त्यांच्या मीटरचा आकडा चार माणसांच्या घरापेक्षा जास्त. जादा पैसे भरा, नाहीतर उद्या कनेक्शन तोडतो, असं सुंदरमनी बजावलं होतं.

"मज एकटीस इतकं पाणी कशास रे, वसंता?" अक्का म्हणाल्या. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची. "घरात हत्ती पाळलाय काय मी?"

"मीटर खोटं बोलत नाही, सार," सुंदरम मला म्हणाले.

गिंडीच्या कारखान्यात माझं काम फ्लो मीटरचंच. तिथून मी क्लॅम्प-ऑन सेन्सर मागून आणला होता. तो पाइप न कापता बाहेरून बांधतात. त्याचे दोन तुकडे पाण्यातून एकमेकांकडे आवाज पाठवतात, आपल्याला ऐकू न येणारा. आवाज प्रवाहाबरोबर लवकर पोचतो, उलट जाताना रेंगाळतो. त्या फरकावरून वेग कळतो. पण हा सेन्सर सगळ्याच पाइपांवर चालत नाही, म्हणून आधी पाइप तपासायचा.

पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी. व्यास मोजला, जाडी मोजली. सरळ लांबी पुरेशी होती. रंग खरवडला, मध्ये हवा राहू नये म्हणून जेल लावलं, सेन्सर आवळला. कागदावर सगळं बरोबर.

मग नळाला पाणी सुटायची वाट. अक्कांनी नळ सताड उघडला, खाली पितळी घागर ठेवली आणि गार फरशीवर आडव्या झाल्या. "पाणी आलं की घागरच उठवते मज." बाहेर रस्ता पांढरा पडला होता. पंखा सावकाश फिरत होता. माझेही डोळे जड झाले.

आणि नळ श्वास घेऊ लागला. लांब, खोल, झोपलेल्या माणसासारखा. रिकाम्या घागरीत तो घुमत राहिला. समुद्र गल्लीपर्यंत आला आहे असं क्षणभर वाटलं.

"मीटर फिरतोय!" दारातून सुंदरम ओरडले.

माझ्या डिस्प्लेवर: नो सिग्नल. जेल पुन्हा लावलं. अंतर बदललं. नो सिग्नल.

"मशीन फेल, सार."

मी नळाखाली हात धरला. हाताला गार वारा लागला, थेंब एकही नाही. पाइप रिकामा होता, मग आवाज पलीकडे जाणार कसा? मीटरच्या चक्राला मात्र पाणी काय आणि वारा काय, सारखंच. रस्त्याच्या लाइनीत साठलेली सगळी हवा अक्कांच्या मीटरमधून बाहेर पडत होती.

"पण मग आमचा मीटर का नाही फिरत?" सुंदरमनी विचारलं.

एवढ्यात घागर वाजली. डिस्प्लेवर आकडे आले. वरच्या मजल्यावरून सुंदरमच्या बायकोची हाक आली, "अक्का, तण्णी वंदुदा?" पाणी आलं का?

"आलं, आलं! उघडा!" अक्का पडल्या पडल्याच म्हणाल्या.

मग एकामागून एक सगळ्या मजल्यांवरचे नळ उघडल्याचे आवाज आले. सुंदरम वर बघत उभे राहिले. "रोज असंच विचारतो आम्ही, मगच नळ उघडतो," ते हळूच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मीटरच्या आधी एअर व्हॉल्व्ह बसवला. लाइनीतली हवा तिथूनच बाहेर जाते. तिची शीळ थांबली की अक्का उठतात आणि वर हाक देतात.

पाइप चालेल का, हे बघण्याआधी तो भरलेला आहे का ते बघावं.

असोसिएशनने प्लंबरला साडेतीनशे रुपये दिले. अक्कांनी कोणालाच काही दिलं नाही.