गाडी चालूच होती

त्या दसऱ्याला घोडपदेवला आमच्या चाळीसमोर जी गाडी येऊन उभी राहिली, तिच्यावर मी दीड वर्षापूर्वी वर्तमानपत्रात नऊशे शब्द लिहिले होते. कंपनीची सगळ्यांत वरची सेडान, हायब्रिड. मला ती चाळीस मिनिटं चालवायला मिळाली होती, तीही शेजारी कंपनीचा माणूस बसवून. माझा धाकटा भाऊ तीच गाडी रोज चालवत होता. परळच्या एका टॉवरमधल्या शेठकडे तो ड्रायव्हर होता. शेठ त्याला म्हणाले होते, आईला दाखवून ये, अर्धा तास घे.

मला ते आवडलं नाही. नेमकं सांगायचं तर, गाडी त्याच्या हातात मुरली होती, ते आवडलं नाही. उघडं गटार आणि उभ्या स्कूटर यांच्या मधून त्याने ती एका दमात आत घेतली, तीही एका हाताने. चाळीस मिनिटांत माझे दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटले नव्हते.

आई पूजेचं ताट घेऊन खाली आली. आमच्या घरात दसऱ्याचं सोनं आधी थोरल्याला मिळतं, आणि थोरला मी. त्या दिवशी आपट्याचं पहिलं पान तिने बॉनेटवर ठेवलं, दुसरं भावाला दिलं. माझ्या हातात तिसरं आलं.

पहिल्या माळ्यावरच्या काकांनी कठड्यावरून विचारलं, "काय रे, चार्जिंगची वायर कुणाच्या खिडकीतून घेणार?"

"वायर नाय लागत, काका. ब्रेक मारला की आपोआप भरते."

"म्हणजे थांबून कमावते? तुझ्यासारखीच की! दहावीला तीन वर्षं थांबलेलास, आता बघ."

सगळी चाळ हसली, भाऊ सगळ्यांत जास्त. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर कामं कशी वाटून घेतात, ब्रेक लावल्यावर वाया जाणारी शक्ती बॅटरीत कशी परतते, हे समजावायला मी लेखाचे दोन परिच्छेद खर्च केले होते. त्याने ते एका वाक्यात सांगितलं, आणि काकांना ते कळलं. त्या वाक्यात चूक शोधायचा मी प्रयत्न केला. सापडली नाही.

मग लिंबं. चारही चाकांखाली एकेक ठेवायचं, गाडी सुरू करायची आणि त्यांच्यावरून पुढे न्यायची. यात एक गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही: इंजिनाचा आवाज आला की माणसं मागे सरकतात. तीच खूण.

भावाने बटण दाबलं. मी त्याच्या खिडकीशी उभा होतो. समोर हिरवी अक्षरं उमटली: रेडी. आवाज काहीच नाही. सुरुवातीला ही गाडी नुसत्या मोटरवर हलते. तेवढ्यात पुढच्या डाव्या चाकाखालचं लिंबू घरंगळलं आणि ते परत लावायला आई खाली वाकली.

"बंद पडली काय रे?" तिने खालूनच विचारलं. "चालू कर मगे."

तिचा हात टायरपुढे होता. गाडी चालू आहे हे तिथे दोघांनाच ठाऊक होतं. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी बोललो नाही. मनात आलं ते जसंच्या तसं लिहितो: त्याचा पाय ब्रेकवर जरा ढिला पडेल, गाडीला थोडा हिसका बसेल, आई किंचाळेल, आणि ही गाडी आम्हां दोघांपैकी कुणाला समजते ते सगळ्यांना दिसेल. हे सगळं एका श्वासात झालं.

भावाचा पाय ब्रेकवर होता. चाकांजवळचं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर, स्टिअरिंगशेजारी, आईचा हात बांगड्यांसकट दिसत होता आणि तो तिकडेच बघत होता.

"आई, हात काढ आधी. चालूच आहे ती."

आई उठून उभी राहिली. "चालू? आवाज नाय, काय नाय!" मग तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ह्याच्यासारखी. बाहेर आवाज नाय, आत सगळा चालू."

पुन्हा सगळे हसले. आमच्याकडे माणसाला चालू म्हणतात ते कौतुकाने नाही. मीही हसलो.

ती मागच्या सीटवर बसली. भाऊ म्हणाला, "दादा, ये ना पुढे." मी ऑफिसला उशीर होतोय म्हणून सांगितलं. दसऱ्याला आमचं ऑफिस बंद असतं, हे त्याला माहीत होतं. त्याने आग्रह केला नाही.

गाडी निघाली. चारही लिंबं एकदमच फुटली. तेवढाच आवाज.

माझ्या लेखाचं शेवटचं वाक्य असं होतं: ही गाडी जवळ असताना ती चालू आहे हे समोरच्याला ऐकू येत नाही, म्हणून ज्याला माहीत आहे त्याने सांगावं. संपादकांनी त्यातला एकही शब्द बदलला नव्हता.