टँकर कुठं अडकला?

मळीचा वास आला की कारखान्याचं पटांगण आठवतं. दुष्काळात बंद पडलेला सहकारी साखर कारखाना त्या दिवशी सुरू झाला आणि उसाची पहिली मोळी टाकल्यावर काकाचा जुना रॉक बँड वाजू लागला. पार चौसाळ्याहून आलेल्या लोकांना त्याचं ‘टँकर आला’ हेच गाणं हवं होतं. आपली लांबलचक गिटारची रचना कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावी, ही काकाची जुनी इच्छा. म्हणून त्यानं ती या गाण्याच्या दोन कडव्यांच्या मधे घातली.

गिटार थांबेना, तेव्हा मागून एकजण ओरडला, “मास्तर, टँकर कुठं अडकला हो?”

हशा पिकला. मी लाजेनं मान खाली घातली. आज तो प्रश्न आठवला की मीच हसते. काका वाजवतच राहिला आणि हळूहळू पटांगण गप्प झालं.

गाणं संपताच तोच माणूस उठला. “टँकर ऱ्हाऊ द्या, मास्तर. ते मधलंच वाजवा परत. लई ग्वाड हाय!”