उजवी चार, मोडतंय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच — आठ वर्षं त्याच्यासोबत चहा पितोय, तरी नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ उचलत असेल.

मी चाकणच्या एका कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. आठवडाभर लाइन, टार्गेट, वरच्यांची बोलणी. पण वर्षातले सात-आठ रविवार मी वेगळाच माणूस असायचो. भोसरीत वर्कशॉप असलेले एक शेठ होते, त्यांना रॅलीचा नाद. गाडी त्यांची, चालवणारा मी. डोंगरातल्या मातीच्या रस्त्यावर घड्याळाशी शर्यत. शेजारी नंदू — माझा नॅव्हिगेटर. चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातला, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आदल्या दिवशी आम्ही रस्ता सावकाश बघून यायचो. तो एकेक वळण वहीत लिहायचा आणि शर्यतीत हेल्मेटच्या माइकवरून मला वाचून दाखवायचा. एक म्हणजे जवळपास थांबाच, सहा म्हणजे पाय दाबूनच ठेवा. बाकीच्यांच्या वह्या इंग्रजीत, आमची मराठीत — तीही नंदूच्या मराठीत. जे वळण आधी मोकळं दिसतं आणि पुढं आवळत जातं, त्याला तो म्हणायचा 'मोडतंय'. लोक हसायचे, गावठी वही म्हणायचे. मला मात्र तो शब्द कानात पडला की पाय आपोआप उचलला जायचा.

जायचा — पण कधीपर्यंत?

चाळिशी केव्हाच लागली होती. चिंचवडला जाऊन गुपचूप चष्मा करून आणला आणि त्याची डबी टूलबॉक्सच्या तळाशी ठेवली, कुणाला दिसू नये म्हणून. पण चष्म्याचं काही नाही हो, लांबचं मला स्वच्छ दिसायचं. खरी गोष्ट पायाची होती. डोळ्याला दिसायचं, कानाला ऐकू यायचं, आणि पाय मागून यायचा. किती मागून? तुम्ही 'हं' म्हणाल ना, तेवढा वेळ. हायवेवर कुणाला कळणारही नाही. तिथं मात्र तेवढ्यात गाडी रस्ता सोडते. आमच्यातले दोघं-तिघं पंचेचाळिशीच्या आत आपणहून उतरले आणि नव्यांना शिकवायला लागले. त्यांची मी काय टर उडवायचो! शेठनी मलाही एकदा हळूच विचारलं, तूही शिकवायचं बघतोस का? मी दोन आठवडे त्यांच्याशी धड बोललो नाही. तेव्हा मी एकोणपन्नासचा होतो.

नंदूला सगळं कळलं होतं. बोलला कधीच नाही. फक्त वळण थोडं आधी सांगायला लागला — मी न सांगता. माझा उशीर तो स्वतःच्या अंगावर घेत होता. आणि मी? मी आपला घड्याळातले आकडे बघून खूश.

त्याच वर्षी एका मोठ्या टीमनं नंदूबद्दल चौकशी केली होती. शेठ त्याची शिफारस करणार होते. मला मात्र कुणी बोलावलं नव्हतं — हे टोचत होतं, खोटं कशाला बोलू?

मग तो रविवार आला. मावळातला डोंगर, शेवटचा टप्पा, उजवीकडचं वळण, खाली ओढा. गाडी बाहेर गेली, दोनदा पलटली आणि झाडाला अडकली. मला खरचटलंसुद्धा नाही. नंदूचं मनगट मोडलं. त्याला दवाखान्यात हलवलं आणि शेठ माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत. काय झालं, एवढंच विचारलं.

"नंदूनं उशिरा सांगितलं," मी म्हणालो.

क्षणाचाही विचार केला नाही. पाय मागून येत होता, जीभ मात्र एकदम वेळेवर चालली. आणि सगळ्यांना ते किती सहज पटलं! गावठी वही, अडखळला असेल, दुसरं काय होणार? शेठनी गाडीतल्या कॅमेऱ्याचं कार्ड मागितलं. पडलं असेल पलटताना, असं मी सांगितलं. ते माझ्या खिशात होतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. त्याच्या कानावर आधीच गेलं होतं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, मला वाटलं म्या येळेवर सांगितलं," तो म्हणाला. "पर तुमी म्हन्ता तर उशीरच झाला आसंल. माझंच चुकलं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जाऊ दे रे, होतं असं. मी त्याला माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? मी — त्याला.

कार्ड घरी एकदाच लावून बघितलं. त्यात नंदूचा आवाज स्वच्छ आहे. उजवी चार, मोडतंय. आणि पुन्हा, मोठ्यानं — मोडतंय, भाऊ! माझा पाय तसाच. त्या दिवसापासून ते कार्ड चष्म्याच्या डबीत आहे.

मोठ्या टीमनं पुन्हा विचारलं नाही. नंदूशेजारी कुणी बसायला तयार होईना, आणि नंतर तोच नको म्हणायला लागला. मी आणखी दोन वर्षं दुसऱ्याला घेऊन चालवलं, तळाला राहिलो, मग कंबरेचं निमित्त काढून थांबलो. शेठनी शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत नंदूही होता.

त्याचं तसं बरं चाललंय. उरलेल्या जमिनीवर गाळे काढलेत, पोरगी शिकतेय. फक्त कुणाच्याही शेजारी बसला की पुढचा खड्डा, गतिरोधक दोन-दोनदा सांगतो. पोरगी वैतागते त्याच्यावर. त्याला वाटतं, आपण उशिरा सांगणारे आहोत.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं माझ्या गाडीतून तळेगावहून चाकणला येत होतो. तीसच्या वेगात, पुढं सगळे कंटेनर. एक साधं वळण आलं. नंदू समोर बघत सवयीनं पुटपुटला, डावी चार, मोडतंय. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. मग माझ्याकडं वळला.

"ऐकू आलं ना, भाऊ?"

"आलं," मी म्हणालो.

त्या दिवशीही आलं होतं.